न दिसलेली रेघ

रक्ताची तपासणी म्हटलं की डोळ्यांसमोर मोठमोठी यंत्रं येतात. पण एका तपासणीला लागतं काय, तर काचेची नळी, मिठाचं पाणी आणि पांढऱ्या कागदावर ओढलेली काळी रेघ. नाव 'नेस्ट्रॉफ्ट'. सलाइनमध्ये मीठ ०.९ टक्के असतं, इथे फक्त ०.३६. त्यात थेंबाहून कमी रक्त टाकायचं, अर्धा तास थांबायचं, आणि नळीतून पलीकडची रेघ दिसते का ते पाहायचं. बस्स!

मीठ इतकं कमी असलं की पाणी तांबड्या पेशींत शिरतं. पेशी फुगून फुटतात, पाणी तांबूस पण नितळ होतं, रेघ दिसते. थॅलॅसेमिया मायनर असलेल्यांच्या पेशी मात्र लहान, चपट्या. त्यांना फुगायला वाव जास्त. त्यातल्या बऱ्याच फुटतच नाहीत. पाणी गढूळ राहतं, रेघ दिसत नाही. गंमत बघा, इथे न फुटणं हीच शंकेची खूण.

माझ्या भाचीची रेघ दिसली नाही. तिला दिवस गेले होते, दुसरा महिना संपत आलेला. लोह कमी असलं तरी असं होऊ शकतं, म्हणून एचपीएलसी केली. हिमोग्लोबिन ए-२ साडेतीन टक्क्यांच्या वर गेलं की मायनर धरतात, तिचं ५.१ आलं. मग जावयांचं रक्त तपासायला गेलं. दोघंही मायनर असतील तर प्रत्येक खेपेला बाळाला मेजर होण्याची शक्यता चारात एक. मेजर म्हणजे दर काही आठवड्यांनी रक्त चढवणं आलं. गर्भाची तपासणी ११ ते १३ आठवड्यांच्या सुमारास वारेचा अंश घेऊन करता येते, म्हणून सगळी घाई.

रिपोर्टला चार दिवस होते. भाचीच्या सासूबाई एवढंच म्हणाल्या, "आमच्याकडे असलं कधी नव्हतं." ताई गप्प. मला ते वाक्य टोचलं. जाऊन माझंही रक्त देऊन आले. मीही मायनर! वर्षानुवर्षं लोहाच्या गोळ्या खाऊन माझं हिमोग्लोबिन साडेदहाच्या वर का गेलं नाही, ते असं पन्नाशीत कळलं. आईलाही सगळे 'फिकट' म्हणायचे. तिने चार बाळंतपणं काढली, विहिरीचं पाणी ओढलं. 'असलं' आमच्याकडे बहुधा तेव्हापासूनच होतं, फक्त कुणी बघितलं नव्हतं.

माझा रिपोर्ट सासूबाईंच्या हातात दिला आणि विचारलं, "मी आजारी दिसते का हो?" त्या काही बोलल्या नाहीत. पण त्या रात्री भाचीच्या पानात भाजी त्यांनीच वाढली.

जावयांचा रिपोर्ट नॉर्मल आला. बाळ फार तर आमच्यासारखं मायनर असेल, म्हणजे धडधाकट.

हल्ली कुणाचं लग्न ठरलं की मी आगाऊपणे विचारते, रक्त तपासलंत का? दोघांपैकी एकाचा रिपोर्ट जरी नॉर्मल आला, तरी मेजरची काळजी मिटते. आणि मायनर निघालात तर लपवू नका. तो दोष नाही, वारसा आहे. फक्त जोडीदाराची रेघ वेळेवर बघायची, इतकंच.