सगळ्या गल्लीची मनी

इस्तंबूलला जाऊन येणारी माणसं गालिचे आणतात, रंगीत काचेचे दिवे आणतात, मिठाईचे डबे आणतात. आम्ही आणलं ते मांजरांच्या फोटोंचं बाड! मी म्हणावं, "अहो, तो घुमट बघा की केवढा!" आणि यांचा कॅमेरा वळलेला पायरीवर लोळणाऱ्या बोक्याकडे. पण यांना तरी काय बोलायचं? बॉस्फरसच्या सामुद्रधुनीने या शहराचा अर्धा भाग आशियात नि अर्धा युरोपात टाकलाय खरा, पण दोन्ही तीरांवर राज्य मांजरांचंच.

ही मांजरं पाळलेली की भटकी, असं विचाराल तर उत्तर देणं कठीण. ती एका घरची नाहीत, सगळ्या गल्लीची आहेत. दाराबाहेर पाण्याचं भांडं, शेजारी कोरड्या खाण्याची वाटी, थंडीसाठी कोपऱ्यात लाकडाचं छोटंसं घरकुल. चहाच्या दुकानात खुर्चीवर मांजर झोपलेलं असेल, तर गिऱ्हाईक त्याला उठवत नाही, दुसरी खुर्ची ओढून घेतं. जावईबापूंचीसुद्धा एवढी बडदास्त नसेल!

आपण मांजर दिसलं की दुधाची बशी पुढे करतो. तिथे ठेवतात पाणी, आणि ते योग्यच आहे बरं का! मोठ्या झालेल्या पुष्कळ मांजरांना दूध पचत नाही, पोट बिघडतं.

मांजराला बोलवायचं ते 'पिसी पिसी' म्हणून आणि कुत्र्याला 'कुचू कुचू' म्हणून. आपल्या 'यू यू'ला तिथला कुत्रा दाद देईल की नाही, कोण जाणे! आपल्या कोल्ह्याला द्राक्षं आंबट लागतात ना? तुर्की म्हणीत कोल्ह्याच्या जागी मांजर आहे. हाती न लागलेल्या कलेजीला ते म्हणे ओवळी म्हणतं! मांजराचा स्वभाव यांनी किती जवळून पाहिलाय, ते या म्हणीवरूनच कळावं.

एमिनोन्यूच्या धक्क्यावरून बोटीत बसलं की वीसेक मिनिटांत आशियाच्या बाजूला कादिकोय येतं. याच भागात एक लठ्ठ मांजर राहायचं. लाडाचं नाव तोंबिली, म्हणजे गुटगुटीत. फुटपाथच्या पायरीवर कोपर टेकून, लोडाला टेकलेल्या इनामदारासारखं बसायचं. त्या ऐटीचा फोटो जगभर गेला. २०१६ साली तोंबिली वारलं, तेव्हा हजारो लोकांनी सह्या करून स्मारकाची मागणी केली. त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला, जागतिक प्राणिदिनी, त्याच जागी त्याच ऐटीतला पुतळा बसलासुद्धा. पुढच्याच महिन्यात तो चोरीला गेला, पण एवढी हाकाटी झाली की थोड्याच दिवसांत परत जागेवर आला.

दुसरं नामांकित मांजर हागिया सोफियामधलं, ग्ली. सहाव्या शतकातली ती भव्य वास्तू म्हणजे ग्लीचं घरच. जरा तिरळे हिरवे डोळे, आणि फोटोची हौस दांडगी! २००९ साली अमेरिकेचे अध्यक्ष ओबामा तिथे आले, तेव्हा त्यांनीही थांबून तिला कुरवाळलं. २०२० मध्ये त्या वास्तूची पुन्हा मशीद झाली, पण ग्लीचा मुक्काम हलला नाही. इस्लाममध्ये मांजर स्वच्छ मानतात, त्यामुळे मशिदीत त्याला मज्जाव नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरात ती गेली.

कुत्र्यांचं मात्र थोडं वेगळं आहे. त्यांचा मान उंबऱ्याबाहेर. त्यातला बोजी हा तर अस्सल प्रवासी. २०२१ साली हा कुत्रा मेट्रो, ट्राम, बोट करत रोज शहरभर हिंडायचा, दिवसाला तीस किलोमीटरपर्यंत! पास नाही, तिकीट नाही. पुढे ट्राममध्ये सीटवर घाण केल्याचा आळ त्याच्यावर आला. कॅमेऱ्याची फीत पाहिली तर काय, ती घाण एका माणसानेच आणून ठेवलेली! मुक्या जिवाचा कैवार कॅमेऱ्याने घेतला. नंतर बोजीला कायमचं घर मिळालं.

पण सगळ्यांचं नशीब बोजीसारखं नसतं. याच शहराने १९१० साली हजारो कुत्री पकडून मार्माराच्या समुद्रातल्या एका ओसाड बेटावर नेऊन सोडली. तिथे ना अन्न, ना पाणी. ती तडफडून मेली.

पुढे २००४ च्या कायद्याने रीत ठरली, ती अशी : कुत्रं धरायचं, शस्त्रक्रिया करायची, लस टोचायची, कानात बिल्ला अडकवायचा आणि होतं तिथेच सोडायचं. पण हे काम सगळीकडे नेमाने झालं नाही. कुत्री वाढली, चावे वाढले, अपघात झाले. ज्यांची मुलं जखमी झाली त्यांचा संताप खोटा कसा म्हणायचा? २०२४ च्या जुलैमध्ये नवा कायदा झाला : भटकी कुत्री निवाऱ्यात न्यायची आणि धोकादायक किंवा असाध्य आजारी असतील ती मारायची. विरोधात लोक रस्त्यावर आले. निवाऱ्यांत जागा कुठे आहे, असा त्यांचा सवाल होता.

हा वाद आपल्यालाही नवा नाही. प्रत्येक आळीत एक पोळी घालणारी असते आणि एक काठी उगारणारी. पोळी घालणं सोपं आहे हो! वर्षाची लस कोण टोचून आणणार, शस्त्रक्रियेसाठी नगरपालिकेकडे खेपा कोण घालणार, हे ठरवणं अवघड. मुकं जनावर सगळ्या गल्लीचं म्हणायचं, तर त्याचं हे कामही सगळ्या गल्लीचंच व्हायला हवं. भिशीला आपण दहाजणी जमतोच की! पुढच्या वेळी चहाबरोबर आपल्या दाराशी बसणाऱ्या मोत्याच्या लसीचाही विषय काढून पाहू या.