कुत्रं घ्यायचं खरं, पण कशासाठी?

शेतकऱ्याच्या घरी बैल घ्यायचा म्हटला तर दहा माणसं दहा खोडी काढतात. दात बघतात, खूर बघतात, चालवून बघतात, मागचा धनी कोण होता ते विचारतात. कुत्रं मात्र कुणी बघून घेत नाही. कुणीतरी पोत्यात घालून पिल्लू आणून देतं, पोरं हट्ट धरतात, आणि दारात एक तोंड वाढतं. आमच्या घरीही असंच झालं. त्यापायी एका गरीब बाईचं नुकसान झालं आणि माझ्या सासऱ्यांना उतारवयात दुसऱ्याच्या दारात हात जोडून उभं राहावं लागलं. म्हणून हे लिहिते आहे. तुमच्या दारात पिल्लू यायच्या आधी वाचनात आलं तर बरं.

आमचं घर लातूर जिल्ह्यात, बालाघाटाच्या माळावर. गावापासून लांब, शेतातच वस्ती आहे. सोयाबीन, तूर, मागून ज्वारी आणि हरभरा. दोन म्हशी, बैलजोडी, दहा-बारा कोंबड्या. वस्तीवर कुत्रं नसलं की रात्र अंगावर येते. २०२० च्या दिवाळीत आमचा म्हातारा कुत्रा गेला आणि नवं कुत्रं कोणतं आणायचं यावरून घरात दोन तट पडले.

माझे सासरे, आम्ही त्यांना मामा म्हणतो, त्यांचं म्हणणं एकच. “आणायचं तर कारवानीच आणायचं. बाकीची काय कुत्री हैत व्हय?”

कारवानी कुत्रं आमच्या मुलखाचं भूषण. निमुळतं तोंड, खोल छाती, आत ओढलेलं पोट, लांब काटकुळे पाय. पळायला लागलं की चार पाय जमिनीला लागतात की नाही असं वाटावं. कानांवर, शेपटीवर लांब रेशमी केस असले तर त्याला पश्मी म्हणतात. तिकडे कर्नाटकात याच घराण्याचं कुत्रं मुधोळचं म्हणून ओळखलं जातं. मुधोळच्या घोरपडे राजांनी ते सांभाळलं, वाढवलं. २००५ साली टपाल खात्याने त्याचं तिकीट काढलं आणि २०१६ साली लष्कराने त्याची पिल्लं शिकवायला मेरठला नेली. असं नावाजलेलं कुत्रं.

मामांच्या तरुणपणी त्यांच्याकडे कारवानीची जोडी होती. सुगी झाली की चार-पाच गडी कुत्री घेऊन माळावर निघत. मुख्य शिकार सशाची. पण तितराचीही एक रीत होती, ती मामा फार रंगवून सांगतात. तितर उडण्यापेक्षा पळतं जास्त. उठवलं तर भर्रकन उडतं, पण लांब जात नाही, थोड्या अंतरावर खाली बसतं. पुन्हा उठवलं की उडी आणखी कमी पडते. तिसऱ्या-चौथ्या खेपेला दमून ते बोरीच्या जाळीत दडून बसतं. मग कुत्रं त्याला जाळीतून बाहेर काढी. “रातच्याला घरात तितराचा रस्सा,” असं म्हणताना मामांच्या डोळ्यांत अजून चमक येते.

ते दिवस गेले, आणि गेले ते बरंच झालं. १९७२ साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा आला. सुरुवातीला परवाना काढून काही शिकार करता येई. १९९१ च्या दुरुस्तीने तीही वाट बंद झाली. पुष्कळांना वाटतं, बंदूक उडवली किंवा फासा लावला तरच शिकार. तसं नाही. कायद्यात पाठलाग करणं, हाकून आणणं, हीसुद्धा शिकारच धरली आहे. पाखराची अंडी फोडणं, घरटं विसकटणं हेही त्यातच येतं. तितर, लावा, ससा, सगळ्यांना हे संरक्षण आहे, आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंतच्या कैदेची आहे. मामांना हे सगळं ठाऊक होतं. “मी कुठं शिकारीला निघालोय आता? नुसतं दारात उभं राहिलं तरी घराला शोभा येती,” असं ते म्हणत.

आमचा थोरला तेव्हा कॉलेजात होता. त्याने तालुक्याला कुणाकडे तरी लॅब्रॅडॉर पाहिलं होतं. लहान मुलं अंगावर लोळली तरी काही करत नाही म्हणाला. त्यावर आमच्या जनावरांच्या डॉक्टरांनी त्याला जे सांगितलं ते ऐकून मला नवल वाटलं. हे गुबगुबीत कुत्रंही मुळात पाखरांच्या शिकारीचंच! त्याचे पूर्वज न्यूफाउंडलंड बेटावर कोळ्यांच्या हाताखाली थंड पाण्यात राबत. इंग्रज जमीनदारांनी ते विलायतेला नेलं आणि बंदुकीने पाडलेली बदकं पाण्यातून उचलून आणायला तयार केलं. पाखराला दात न लागू देता अलगद आणायचं, हे त्याचं काम. पॉइंटर नावाचं कुत्रं वासावर पाखरू हुडकतं आणि एक पाय उचलून, शेपूट ताठ करून जागच्या जागी थांबतं. स्पॅनियल झुडपात घुसून पाखरू उठवतं. साहेब बंदूक घेऊन मागे उभा असायचा, त्याच्या सोयीने एकेक जात घडवलेली.

डॉक्टर म्हणाले, “लॅब्रॅडॉर स्वभावाने गोड आहे, पण ते चोराचाही हात चाटेल. अंगावर दुहेरी केस, आपल्याकडच्या मे महिन्यात त्याचे हाल होतात. खायला भरपूर लागतं, आणि काम नसलं की नुसतं सुटत जातं.” थोरल्याचं मत तिथेच बारगळलं.

ह्यांनी दोन्हीकडे मान हलवली. मी काहीच बोलले नाही. हीच माझी चूक. कुत्र्याला भाकर मी घालणार, कोंबड्या माझ्या, शेजार मी सांभाळायचा, आणि कुत्रं निवडताना मी चुलीपुढे गप्प बसले!

२०२१ च्या संक्रांतीला मामांनी आपल्या ओळखीच्या घरून कारवानीचं पिल्लू आणलं. नाव ठेवलं हिरा. खोटं कशाला बोलू, कुत्रं सोन्यासारखं होतं. दीड भाकर आणि ताक एवढ्यावर खूश. घरात घाण नाही, उगीच भुंकणं नाही. आमची धाकटी तेव्हा पाचवीत होती, तिच्या हातातला घास ते ओठांनी उचलून घेई. मामा त्याला सकाळी तेल चोळायचे. त्यांचं वय दहा वर्षांनी कमी झाल्यासारखं दिसायला लागलं.

वर्षाने हिरा भरात आला. वैशाखातल्या एका सकाळी तो बांधाकडून आला तो तोंडात तितर घेऊन. मामांच्या पायाशी ठेवलं आणि शेपूट हलवत उभा राहिला. त्याला कुणी शिकवलं नव्हतं. मामा क्षणभर इतके खूश झाले की त्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. मग माझ्याकडे पाहिलं आणि हात मागे घेतला.

धाकटी हिराच्या वाटेने बांधावर गेली. गवतात जमिनीवर खळगी करून सात अंडी घातलेली होती. हात लावू नको म्हणून मी बजावलं. ती रोज लांबून बघून यायची. तितराचं दुसरं पाखरू आसपास ओरडत फिरायचं. चौथ्या दिवशी नुसती टरफलं उरली. पोर त्या रात्री जेवली नाही. मामाही ताटावरून लवकर उठले.

आपण शेतकरी तितराला पाहुणा समजतो, पण ते आपलं गडीच आहे. सांडलेला दाणा खातं हे खरं, पण त्याबरोबर वाळवी, किडे, तणाचं बीही वेचतं. मजुरी मागत नाही.

तेव्हाच शहाणं व्हायचं, पण आम्ही हिराला नुसता दिवसा बांधायला लागलो. पळण्यासाठी जन्मलेलं ते जनावर दोरीला राहून खंगायला लागलं. संध्याकाळी सोडलं की वाऱ्यासारखं सुटायचं. अशाच एका संध्याकाळी शेजारच्या वस्तीवरच्या विधवा बाईचं करडू भेदरून पळालं. ते पळालं म्हणून हिरा धावला. पळतं ते धरायचं, एवढंच त्याला माहीत. थोरला पोहोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

त्या बाईच्या दोन शेळ्या म्हणजे तिची बँक. करडं विकून ती मुलाच्या शाळेचा खर्च भागवते. ह्यांनी पैसे नेऊन दिले. मामा दुसऱ्या दिवशी एकटेच काठी टेकत गेले आणि तिच्या दारात हात जोडून म्हणाले, “बाई, चूक कुत्र्याची न्हाई, माझी हाय.” ती म्हणाली, “आण्णा, असं नका करू. पैसे मिळाले. पण करडू माझ्या हातचं दूध पिऊन वाढलं होतं.” यावर कोण काय बोलणार?

डॉक्टरांना विचारलं, याची खोड मोडता येईल का? ते म्हणाले, “वहिनी, ही खोड नाही, हे त्याचं कसब आहे. कित्येक पिढ्या नजरेने शिकार हेरून धावणारीच कुत्री निवडली, त्यांचीच पिल्लं वाढवली. तुम्हाला शिकार नको, पण ती त्याच्या रक्तात आहे. त्याला रोज पळायला आडोशाची, कुंपणाची जागा हवी.”

शेवटी आठ मैलांवरच्या एका निवृत्त जवानांनी हिराला घेतलं. त्यांची आंब्याची मोठी बाग आहे, चहूबाजूंनी उंच जाळी आहे, आणि सकाळ-संध्याकाळ ते स्वतः कुत्र्यांबरोबर धावतात. मामांनी हिराला आपल्या हाताने भाकर चारली. गाडी गेली तरी बराच वेळ बांधावर उभे होते.

पुढच्या खेपेला मात्र आम्ही बैल बघतात तसं कुत्रं बघितलं. आधी चौघांनी बसून काम ठरवलं. रात्री वस्तीची राखण, कोंबड्या-करडांशी सलोखा, पोरांशी माया, आणि आहे त्या भाकरीत भागणं. मग डॉक्टर म्हणाले तसं पिल्लू सोडून आधी त्याची आई बघितली. गावातल्या एका घरी तांबूस गावठी कुत्री होती. तिच्या नाकापुढून कोंबडीची पिल्लं जात आणि ती डोळाही उघडत नसे. परका माणूस आला की मात्र उठून उभी राही. तिचं पिल्लू घ्यायचं ठरलं. दोन महिन्यांचं होईपर्यंत ते आईजवळच राहू दिलं. लवकर तोडलेलं पिल्लू चावरं, भित्रं होण्याची भीती असते. सर्वांत धीट आणि सर्वांत भित्रं, ही दोन्ही पिल्लं सोडून मधलं घेतलं.

ते मधलं पिल्लू मादी निघालं. लोक हसले. आपल्याकडे मादी नको म्हणून पिल्लं उकिरड्यावर टाकतात. मी म्हटलं, राखणीला मादी कुठं कमी पडते? मोठी झाल्यावर जनावरांच्या दवाखान्यात तिचं ऑपरेशन करून आणलं, प्रश्न मिटला. त्याआधी जंताचं औषध दिलं, तिसऱ्या महिन्यात पिसाळीची पहिली लस टोचली, आणि आता दरवर्षी न चुकता टोचतो. कुत्रं घरचं असो की बाहेरचं, चावलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठायचा. चुना, हळद, मिरची लावत बसायचं नाही. पिसाळी एकदा अंगात उतरली की इलाज नाही.

आमची ही तांबी दिसायला काही विशेष नाही. तिकिटावर छापण्यासारखी तर मुळीच नाही. पहिले दोन महिने तिला कोंबड्यांत दोरीने धरून बसवलं, झेप घेतली की दटावलं, गप्प राहिली की तुकडा दिला. आता कोंबड्या तिच्या सावलीला बसतात. रात्री पान हललं तरी तिचा आवाज येतो. शेजारच्या बाईची करडं आमच्या अंगणात येतात, आणि ती बाईही येते.

कुत्र्याची जात म्हणजे नुसतं रूप नव्हे. कुणीतरी, कधीतरी, कोणत्या तरी कामासाठी ती घडवलेली असते, आणि पिल्लाबरोबर ते कामही आपल्या घरात येतं. आपल्याला नको असलं तरी येतं. म्हणून नाव, किंमत, ऐट मागाहून. आधी विचारा, आपल्या दारात काम काय आहे? आणि ज्या बाईला त्याला रोज भाकर घालायची आहे, तिला विचारल्यावाचून पिल्लू आणू नका.

मामा आता ऐंशीच्या पुढे गेले आहेत. तिन्हीसांजेला ओट्यावर बसतात, तांबी पायाशी असते. बोरी-बाभळीवर रात्रीच्या बसणीला जाण्याआधी तितरं ओरडायला लागतात. मामा कान देऊन मोजतात आणि मला सांगतात, “आज पाच ठिकाणांहून बोललं गं. गेल्या साली तीनच होती.”