आरामाने वाढणारी पाठदुखी

अँकिलोजिंग स्पाँडिलायटिस हा कण्याचा आणि कमरेखालच्या सांध्यांचा, दाहातून उद्भवणारा आणि वर्षानुवर्षे चालणारा संधिवात आहे. वयोमानाने होणारी मणक्यांची झीज वेगळी आणि हा आजार वेगळा. यात शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच ऊतींवर उलटते आणि अस्थिबंध व कंडरा जिथे हाडाला चिकटतात, नेमक्या त्या जागी दाह सुरू होतो. सुरुवात बहुधा माकडहाडाच्या वर, दोन्ही बाजूंना असलेल्या सॅक्रोइलिॲक सांध्यांत होते. पहिली लक्षणे बहुतेकांना ऐन विशी-तिशीत दिसतात; पंचेचाळिशीनंतर आजार नव्याने सुरू होणे विरळाच.

दाह ओसरू लागला की त्या जागी नवे हाड धरते. हे वर्षानुवर्षे होत राहिले तर एका मणक्यापासून दुसऱ्यापर्यंत हाडाचे पूल तयार होतात आणि एक्स-रेमध्ये कणा पेरांच्या बांबूसारखा दिसू लागतो. प्रत्येकाचा कणा असा जखडत नाही. कित्येकांचा आजार सॅक्रोइलिॲक सांध्यांपाशीच थांबतो.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रशियाचे बेख्तेरेव्ह, जर्मनीचे श्ट्र्युम्पेल आणि फ्रान्सचे पिएर मारी यांनी या आजाराची वर्णने लिहून ठेवली. १९७३ मध्ये लंडन आणि लॉस एंजेलिस इथल्या संशोधकांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे त्याचा एचएलए-बी२७ या जनुकाशी असलेला संबंध दाखवला. त्यामुळे आजार घराण्यात का दिसतो हे काही अंशी उलगडले.

या पाठदुखीचा स्वभाव इतर पाठदुखीच्या उलट आहे. ती हळूहळू येते. रात्रीच्या उत्तरार्धात झोपमोड करते. सकाळी कंबर आखडलेली असते आणि ती सुटायला अर्धा तास, कधी त्याहून बराच जास्त वेळ लागतो. हालचाल केली की बरे वाटते, पडून राहिले की दुखणे वाढते. नितंबात आज उजवीकडे, काही दिवसांनी डावीकडे असे आलटून पालटून दुखणे ही तर फार बोलकी खूण आहे.

इतकी स्पष्ट चिन्हे असूनही निदानाला होणारा उशीर हा या आजारातला सर्वांत मोठा अन्याय आहे. जगभरच्या पाहण्यांत हा उशीर सरासरी सहा-सात वर्षांचा आढळला आहे. प्रस्तुत लेखकाचे दुखणे कॉलेजच्या दिवसांत सुरू झाले. पहाटे जाग यायची आणि घरातल्या घरात फेऱ्या मारल्यावरच पाठ जरा मोकळी व्हायची. कमरेचा एमआरआय झाला, अहवालात चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली चकती फुगल्याचा उल्लेख आला आणि प्रश्न मिटला असे सर्वांनी धरून चालले. ‘मणक्यात गॅप आहे’, ‘नस दबली आहे’, पट्टा बांधा, वजन उचलू नका, गाडी चालवू नका आणि मुख्य म्हणजे आराम करा. मग वजने लावून ट्रॅक्शन. मग पुन्हा आराम. आरामाने जो आजार बळावतो त्यावर आरामच लिहून दिला जात होता, आणि अंग जितके जास्त आखडे तितकी सक्तीची विश्रांती वाढत जाई.

त्या अहवालात खोटे काही नव्हते. पण चकतीचा फुगवटा हा मुळी शोधच नव्हे. काहीही न दुखणाऱ्या लोकांचे एमआरआय तपासणाऱ्या अभ्यासांचा २०१५ मध्ये एकत्रित आढावा घेतला गेला. त्यात विशीतल्या सुमारे ३० टक्के लोकांत असा फुगवटा होता, ऐंशीच्या घरात ८४ टक्क्यांत. शिवाय कमरेच्या नेहमीच्या एमआरआयमध्ये सॅक्रोइलिॲक सांधे नीट येतच नाहीत. ज्या सांध्यात आग होती तो चित्राबाहेर राहिला आणि चित्रात जे सापडले त्याच्यावर खापर फुटले. रक्तात आरए फॅक्टर नाही, म्हणून ‘वात नाही’ असाही निर्वाळा मिळाला. वास्तविक या आजारात तो घटक सहसा नसतोच. दाह मोजणाऱ्या ईएसआर आणि सीआरपी या रक्तचाचण्यासुद्धा बऱ्याच रुग्णांत सामान्य येतात. ‘पडून राहिल्यावर दुखणे वाढते की कमी होते?’ हा एक प्रश्न विचारायला पैसे लागत नाहीत, यंत्र लागत नाही. कोणत्याही दवाखान्यात तो विचारला गेला नाही. रुग्णाने आपण होऊन सांगितले तेव्हा ते ऐकून सोडून देण्यात आले. याचा राग वर्षे उलटली तरी जात नाही, आणि तो जावा असेही वाटत नाही.

बायकांच्या वाट्याला हा उशीर आणखी मोठा येतो. हा पुरुषांचा आजार अशी समजूत पाठ्यपुस्तकांनीच दीर्घकाळ जोपासली. त्यामुळे तरुण बाईची सकाळची आखडलेली पाठ बाळंतपणाच्या, अशक्तपणाच्या किंवा ताणाच्या खात्यात जमा होते. एक्स-रेत बदल दिसण्याआधीच्या टप्प्यात स्त्रिया आणि पुरुष यांचे प्रमाण जवळजवळ सारखे असल्याचे आता दिसते.

१९८४ च्या न्यूयॉर्क निकषांना एक्स-रेवरचा बदल आवश्यक होता, आणि तो उमटायला वर्षे जातात. २००९ च्या निकषांनी एमआरआयवर दिसणारा दाह ग्राह्य धरला आणि आजार लवकर ओळखण्याची वाट मोकळी झाली. पण इथे वरच्या रागालाही आवर घालावा लागतो. बी२७ असलेल्या बहुसंख्य लोकांना हा आजार आयुष्यात कधीच होत नाही. धावपटूंत आणि नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रियांत सॅक्रोइलिॲक सांध्यांजवळ तशीच सूज एमआरआयवर दिसू शकते. लवकर निदानाच्या ओढीने नुसत्या एका चाचणीवरून जन्मभराचा शिक्का मारणे हाही अन्यायच. संशयी, सावकाश डॉक्टर इथे हवाच असतो. फक्त त्याने रुग्णाचे ऐकून मग संशय घ्यावा, आणि लवकर संधिवाततज्ज्ञाकडे पाठवावे.

आजार पाठीपुरता राहत नाही. टाच, बरगड्या, खुबे, गुडघे दुखतात. बरगड्यांचे सांधे आखडल्याने खोल श्वास घेताना छाती पुरेशी फुलत नाही. साधारण चौघांपैकी एकाला कधी ना कधी डोळ्याचा दाह होतो. एकच डोळा लाल होतो, ठणकतो, उजेड सोसवत नाही. याला डोळे आले समजून घरगुती थेंब घालत बसू नये. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठावा, नाहीतर दृष्टीला धोका संभवतो. सोरायसिस आणि आतड्यांचा दाह हेही याच कुटुंबातले आजार.

उपचारांचा पाया व्यायाम हाच आहे: पाठ ताणणारे व्यायाम, दीर्घ श्वसन, पोहणे, रोज थोडा वेळ पालथे झोपणे, पातळ उशी. धूम्रपान सोडलेच पाहिजे. एकेकाळी, विशेषतः ब्रिटनमध्ये, कण्यावर क्ष-किरणांचा मारा करत. वेदना थांबायच्या, पण अशा रुग्णांत रक्ताचा कर्करोग वाढल्याचे कोर्ट ब्राउन आणि डॉल यांनी १९५७ मध्ये दाखवले आणि तो उपचार मागे पडला. आज पहिली औषधे म्हणजे नॅप्रोक्सेन, इंडोमेथॅसिन, एटोरिकॉक्सिब यांसारखी दाहशामके. ‘पेनकिलरने किडनी जाते’ या भीतीने ती परस्पर बंद करणारे पुष्कळ आहेत. इथे ती दाहावरचा उपचार म्हणून दिली जातात; पोट, मूत्रपिंड आणि रक्तदाब तपासत राहावे लागते, एवढे खरे. मेथोट्रेक्सेटचा कण्यासाठी उपयोग होत नाही. स्टेरॉइडच्या गोळ्या दीर्घकाळ देऊ नयेत.

एवढ्याने भागले नाही तर दाह भडकवणारे टीएनएफ हे प्रथिन रोखणारी इंजेक्शने, तशाच आयएल-१७ ला रोखणारे सेक्युकिनुमॅब किंवा टोफासिटिनिबसारख्या गोळ्या असतात. टीएनएफ रोखणाऱ्या अडालिमुमॅबची भारतीय आवृत्ती २०१४ च्या अखेरीस आली आणि किंमत उतरली, तरी ती सामान्य घराच्या आवाक्यात आली असे म्हणवत नाही. टीएनएफ रोखल्यावर शरीरात दडलेला क्षय जागा होऊ शकतो. आपल्याकडे क्षय इतका पसरलेला आहे की छातीचा एक्स-रे आणि क्षयाची चाचणी केल्याशिवाय पहिले इंजेक्शन घेऊच नये.

खुबा निकामी झाला तर तो बदलता येतो आणि गुण चांगला येतो. जखडलेला कणा मात्र बाहेरून टणक दिसला तरी आतून ठिसूळ असतो. मान कडकन मोडून देणारे, पाठीवर पाय देणारे मालिशवाले आणि हाडे बसवणारे यांच्यापासून अशा रुग्णाने कायम दूर राहावे. बाथरूममध्ये घसरण्यासारख्या किरकोळ पडण्यानेही मणका मोडू शकतो आणि तो मोडल्याचे साध्या एक्स-रेत बऱ्याचदा दिसत नाही. पडल्यावर मान किंवा पाठ नव्याने दुखू लागली तर एक्स-रे चांगला आला तरी सीटी स्कॅन किंवा एमआरआय करून घ्यावा, आणि तोवर रुग्णाची मान बळेच सरळ करू नये. ती जितकी वाकलेली असेल तशीच आधार देऊन ठेवावी.