अंश आणि छेद

सभागृहातून बाहेर पडून मोटारीत बसल्याबरोबर मी माझ्या मुलीला जे बोललो, त्याला आता दहा वर्षे होत आली; परंतु ते शब्द अद्याप माझ्या मनातून गेलेले नाहीत. “एवढ्या मोठ्या लोकांना उलटतपासणी घेतल्यासारखे प्रश्न विचारतात का? उद्या अर्ज त्यांच्याच हाती जायचा आहे,” असे मी म्हणालो, आणि न्यू जर्सीतील आमच्या घरापर्यंतच्या साडेतीन तासांच्या प्रवासात ती खिडकीबाहेरच्या बर्फाकडे पाहत गप्प बसून राहिली.

प्रसंग २०१६ च्या फेब्रुवारीतला. मिरजेचे किंवा पुण्याचे मूल बारावीनंतर अठराव्या वर्षी एम्.बी.बी.एस्.ला जाते तसे इकडे जात नाही. आधी चार वर्षांची पदवी, मग एमकॅट नावाची परीक्षा आणि मग वैद्यकीय महाविद्यालयांकडे अर्ज, हा क्रम आता बहुतेकांना ठाऊक झाला आहे. मुलीने २०१५ साली जीवशास्त्राची पदवी घेतली. दुसऱ्या वर्षी तिच्या आईचे मोठे आजारपण चालू असताना सेंद्रिय रसायनशास्त्रात तिला ‘सी’ मिळाला होता, आणि एकंदर सरासरी, जिला इकडे जीपीए म्हणतात, ती चारपैकी ३.२४ वर थांबली होती. एमकॅट उत्तम गेली होती. अठरा महाविद्यालयांकडे अर्ज केले. काहींनी नकार कळविला, काहींनी तेवढीही तसदी घेतली नाही. त्या सुमारास देशभरातील सुमारे ५३,००० अर्जदारांपैकी २१,००० जणांना प्रवेश मिळत असे आणि त्यांची सरासरी ३.७० च्या आसपास असे, हे लक्षात घेता आश्चर्य वाटण्याचे कारण नव्हते. पण आपल्या घरी आलेला नकार सरासरीच्या हिशेबाने कोण सोसतो?

येथे माझ्या पूर्वानुभवाने माझी दिशाभूल केली. सांगलीच्या विलिंग्डन महाविद्यालयातून मी बी.एस्सी. झालो तो द्वितीय श्रेणीत. पुढे कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात रसायनशास्त्राच्या एम्.एस्सी.ला प्रथम श्रेणी मिळाली, आणि त्या दिवसापासून माझी आधीची श्रेणी मला कोणी विचारली नाही, ना नोकरीच्या मुलाखतीत, ना लग्नाच्या बैठकीत. वरची पदवी खालच्या पदवीवरचा डाग धुऊन काढते, हा माझ्या आयुष्यातला सिद्धान्त होता, आणि तो अमेरिकेतही लागू पडत असेल याविषयी मला शंका आली नाही. तेव्हा वैद्यकीय महाविद्यालयातच, तेथील पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांबरोबर शरीरक्रियाशास्त्र शिकविणारी एक वर्षाची खास ‘मास्टर्स’ पदवी असते असे कळल्यावर मला मार्ग सापडल्यासारखे वाटले. मुले तिला एस्.एम्.पी. म्हणतात. मराठी मंडळातील एका गृहस्थांनी सार्वजनिक आरोग्याची पदवी सुचविली होती. परंतु ज्याच्यावर शास्त्रविषयांत कच्चा असल्याचा ठपका आहे, त्याने शास्त्रविषय टाळणारी पदवी घेऊन काय सिद्ध होणार, हे मुलीचे म्हणणे मला तत्काळ पटले.

तिचे दुसरे म्हणणे मात्र मी ऐकून घेतले नाही. एका रात्री स्वयंपाकघरातल्या टेबलावर विजेच्या बिलाचा लिफाफा उलटा करून तिने त्याच्या पाठीवर मधोमध उभी रेघ ओढली. “बाबा, अर्ज स्वीकारणारं ॲमकॅस हे खातं दोन वेगळे हिशेब ठेवतं. मास्टर्सचे गुण या बाजूला. माझे ३.२४ त्या बाजूला. मास्टर्समध्ये सगळे ‘ए’ मिळाले तरी त्या बाजूचा आकडा हलत नाही.” पदवीनंतर पुन्हा पदवीच्याच पातळीवरचे विषय घेतले, ज्याला पोस्ट-बॅक म्हणतात, तर ते मात्र जुन्या गुणांत मिळविले जातात. तिने मांडून दाखविले: १२० क्रेडिटांवर ३.२४, त्यांत पूर्ण ‘ए’ची ३२ क्रेडिटे घातली तर ३.४०. वर्षभर एकही चूक न करता केलेल्या अभ्यासाचे मोल दशांशचिन्हापुढे एवढेच! मी ते पाहिले आणि उलट अर्थ काढला. इतक्या कष्टाने इतकेच मिळणार असेल, तर सरासरीच्या मागे लागण्यापेक्षा प्रतिष्ठेची पदवी बरी, असे माझे ठाम मत झाले. घराजवळच्या राज्य विद्यापीठात संध्याकाळचे वर्ग घेणे मला मागे जाण्यासारखे वाटले.

आता अशाच एका एस्.एम्.पी.ची माहिती देणाऱ्या त्या सभेविषयी. स्वच्छ, उबदार सभागृह, दारात कॉफी, प्रत्येक खुर्चीवर जाड कागदाची पुस्तिका. पुस्तिकेच्या पहिल्याच पानावर, तळहाताएवढ्या अक्षरांत, या अभ्यासक्रमाचे शेकडा किती विद्यार्थी पुढे प्रवेश मिळवितात तो आकडा छापला होता, आणि तो इतका मोठा होता की माझ्या शेजारी बसलेल्या पंजाबी बाईंनी त्यावरून दोनदा बोट फिरविले. शिवाय एक आश्वासन होते: ठराविक गुण मिळविणाऱ्यास त्याच महाविद्यालयात मुलाखतीची हमी. मुलाखतीची, प्रवेशाची नव्हे. प्रश्नोत्तरांच्या वेळी माझी मुलगी उभी राहिली आणि तिने विचारले, की हा शेकडा हिशेब कोणत्या संख्येला भागून काढला आहे? सप्टेंबरमध्ये वर्गात बसलेल्या सर्वांना, की वर्ष पूर्ण करणाऱ्यांना? आणि प्रवेश म्हणजे केवळ वैद्यकीय, की दंतवैद्यकादी सर्वच? व्यासपीठावरच्या अधिकाऱ्यांनी हसून खुलासा केला, की वर्ष यशस्वीपणे पूर्ण करून नंतर अर्ज केलेल्या विद्यार्थ्यांचा तो आकडा आहे, आणि आरोग्यसेवेतील सर्व व्यवसाय त्यात धरलेले आहेत. एवढे बोलून त्यांनी पुढच्या प्रश्नकर्त्याकडे हात केला. अपूर्णांक शिकणाऱ्या पाचवीतल्या मुलालाही कळावे, की छेद लहान केला की किंमत वाढते. आणि मी, ज्याने तीस वर्षे प्रयोगशाळेत नमुन्यांची टक्केवारी काढण्यात घालविली, तो त्या क्षणी मुलीच्या धिटाईने ओशाळून मान खाली घालून बसलो होतो. त्या संस्थेने खोटे सांगितले नाही. विचारले तेव्हा खरे सांगितले. विचारणाऱ्याचे तोंड बंद करणारा मी होतो.

ती तेथेच गेली. शुल्क आणि खोलीचे भाडे धरून पन्नास हजार डॉलरांच्या घरात खर्च आला. डिसेंबरात मी तिला आणायला गेलो तेव्हा तिच्या इमारतीच्या पायऱ्यांवरून एक मुलगा छोटा फ्रिज दोन्ही हातांनी कवटाळून एकटाच उतरत होता. मी दुसऱ्या बाजूने हात लावला. त्याच्या मोटारीत मागच्या काचेपर्यंत पुस्तके, उशी, कपड्यांचा ढीग असे सर्व बिऱ्हाड भरलेले होते. “सुट्टी मोठी दिसते,” असे मी सहज म्हणालो. तो म्हणाला, की मी परत येणार नाही, पहिल्या सत्रात गुण कमी पडले. वाटेत मुलीने हिशेब सांगितला: तो आता छेदात नाही. असे आणखी कितीतरी होते.

मुलीने वर्ष पूर्ण केले. मुलाखतीच्या हमीसाठी ३.७ लागत होते, तिला ३.६१ मिळाले. याच सुमारास आणखी एक दार मिटले. डी.ओ., म्हणजे ऑस्टिओपॅथिक वैद्यकाची पदवी देणाऱ्या महाविद्यालयांच्या अर्जखात्यात पूर्वी एखादा विषय पुन्हा उत्तीर्ण केल्यास जुना गुण रद्द करून नवा धरीत. मे २०१७ पासून तो नियम गेला. सेंद्रिय रसायनशास्त्राचा तो ‘सी’ २०१६ साली संध्याकाळच्या वर्गात तिला पुसून काढता आला असता, परंतु डी.ओ. हे एम्.डी.च्या खालचे, असा माझा तेव्हा समज होता. पन्नासही राज्यांत दोघांना व्यवसायाचे समान अधिकार आहेत, ही साधी बाब मी वाचूनही घेतली नव्हती.

पुढचे वर्ष तिने एका दवाखान्यात डॉक्टरांची टिपणे लिहून घेण्याचे काम केले, संध्याकाळी राज्य विद्यापीठात विषय घेतले, आणि २०१९ साली एका डी.ओ. महाविद्यालयात प्रवेश मिळविला. आता ती अंतर्गत वैद्यकाच्या प्रशिक्षणाच्या तिसऱ्या वर्षात आहे.

माझ्या ओळखीतल्या आईबापांना मी तेव्हापासून आवर्जून सांगतो, की सरासरी कमी असेल तर प्रथम घराजवळ, स्वस्तात, पदवीच्या पातळीवरचे शास्त्रविषय घ्या; त्यांत ‘ए’ मिळू लागले आणि तरीही उणीव राहिली तरच एस्.एम्.पी.चा विचार करा. कारण तेथे गुण कमी पडले तर पुढे दाखवायला काही उरत नाही. आता तर १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांसाठी ‘ग्रॅड प्लस’ हे सरकारी कर्ज बंद होत आहे आणि अशा पदवीसाठी सालाला २०,५०० डॉलरांपर्यंतच सरकारी कर्ज मिळेल. आणि मुलाने सभेत प्रश्न विचारला तर त्याला विचारू द्या.

गेल्या महिन्यात मंडळातील एका स्नेह्यांचा मुलासाठी फोन आला. हे सर्व मी त्यांना सविस्तर सांगितले आणि शेवटी म्हणालो, की आमचे ते वर्ष आणि ते पैसे पाण्यात गेले. मुलगी सुट्टीवर घरी आली होती. ती डाळ फोडणीला टाकीत होती. मी फोन ठेवल्यावर तिने गॅस बारीक केला.

“बाबा, वाया गेलं असं नका सांगू त्यांना. मूत्रपिंड कसं चालतं ते मला तिथंच कळलं. आज रात्रपाळीला सोडियम उतरलेला रुग्ण आला की माझा हात थरथरत नाही, तो त्या वर्षामुळे.”

“मग मुलाला पाठवा म्हणून सांगू त्यांना?”

“तसंही नका सांगू,” ती म्हणाली आणि पुन्हा कढईकडे वळली.

स्नेह्यांना पुन्हा फोन करायचा आहे. त्यांच्या मुलाच्या अर्जाची तारीख जवळ येत चालली आहे, आणि त्यांना नेमके काय सांगावे हे मला अजून ठरविता आलेले नाही.