पुणे ते सातारा, साडेपाच तासांत

परवा रात्री अडीचला मी बायकोला उठवलं. "ऐक ना, कसा सलग गुणगुणतोय!" ती म्हणाली, "कोण?" आणि कूस बदलून झोपली. तिचं काय चुकलं? टेप म्हटलं की आठ दिवसांपूर्वी मलाही पेन्सिल घालून गुंडाळायची कॅसेटच आठवायची.

मागच्या खोलीतल्या लिनक्स सर्व्हरवर माझं पंधरा वर्षांचं शूटिंग आहे, ३८ टेराबाइट. बॅकअपला आणखी डिस्क घ्याव्यात, तर त्याही त्याच विजेवर, त्याच नेटवर्कवर. म्हणून जुना एलटीओ-७ टेप ड्राइव्ह घेतला. तळहाताएवढ्या कार्ट्रिजमध्ये ६ टेराबाइट मावतात, तेही कॉम्प्रेस न करता! आत ९६० मीटर फीत, जेमतेम अर्धा इंच रुंद, आणि तिच्यावर ३,५८४ ट्रॅक. हेड एका वेळी ३२ ट्रॅक लिहितं. टोक आलं की फीत उलटी धावते आणि पुढचे ३२ सुरू. म्हणजे ११२ खेपा. कॅल्क्युलेटर काढला: १०७ किलोमीटर! एक कार्ट्रिज भरेपर्यंत फीत जवळपास पुण्याहून साताऱ्याला पोचते.

पहिल्या दिवशी मात्र आपटलो. लिनक्समध्ये या ड्राइव्हला दोन नावं, एसटी-झिरो आणि एनएसटी-झिरो. पहिल्या नावाने काम केलं की ते संपताच टेप आपोआप सुरुवातीला गुंडाळली जाते. एसटीच ती, फेरी संपली की डेपोत हजर! मला कुठे ठाऊक? टार कमांडने एक फोल्डर चढवलं, मग दुसरं, आणि दुसरं थेट पहिल्याच्या डोक्यावर. (मूळ फाइली डिस्कवर होत्या, म्हणून हसून सांगतोय.) एनएसटी जिथल्या तिथे थांबते. आणि टार म्हणजे ‘टेप अर्काइव्ह’! १९७९च्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीपासून ही कमांड आहे, मी ती रोज वापरतो, आणि नावातली टेप मला कधी दिसलीच नव्हती.

पण खरी गंमत पुढेच. टेप म्हणजे बैलगाडी, असा माझा समज. उलटंच निघालं! हा गडी सेकंदाला ३०० मेगाबाइट गिळतो आणि माझ्याच डिस्क वाढायला कमी पडतात. मोठे व्हिडिओ ठीक. पण लाखभर थंबनेल आली की डेटा आटायचा. ड्राइव्ह थांबायचा, फीत थोडी मागे घ्यायचा, पुन्हा धाव घ्यायचा. घर्र... टक... घर्र. बुटाला पॉलिश करताना फडकं मागेपुढे फिरतं ना, तसं. म्हणून याला शू-शायनिंगच म्हणतात. वेळ जातो आणि फीतही झिजते.

मग मध्ये एमबफर नावाचा प्रोग्राम बसवला. टारकडून येणारा डेटा तो मेमरीत साठवतो. मी १६ जीबी दिली आणि बजावलं, ९० टक्के भरल्याशिवाय टेपकडे थेंब सोडायचा नाही. गच्चीवरची टाकीच म्हणा ना! रात्री साडेअकराला एंटर दाबलं. दोनेक मिनिटं शांतता. मग ड्राइव्ह जागा झाला आणि गुणगुणायला लागला. दर तीन मिनिटांनी क्षणभर श्वास, उलटी खेप, पुन्हा तोच सूर. थंबनेलांचा घाट आला, तरी सूर तुटला नाही. स्टूल ओढून मी खेपा मोजत बसलो.

पहाटे पाचला कार्ट्रिज बाहेर आलं, हाताला कोमट. बाजूचा छोटा खटका सरकवला; आता यावर काही लिहिलं जाणार नाही, माझ्याकडूनसुद्धा. रविवारी ते भावाच्या कपाटात जाईल.

अजून सहा कार्ट्रिज भरायची आहेत. चहा देताना बायकोने फक्त एवढंच विचारलं, "म्हणजे अजून सहा रात्री?"