न्यामिराम्बोच्या उतारावर

भाईजान किगालीत एका दुकानात हिशेब पाहतात. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही दोघी बहिणी त्यांच्याकडे गेलो. रवांडाची ही राजधानी टेकड्यांवर वसली आहे. चढ-उताराने पायांत गोळे येतात.

जुम्याला न्यामिराम्बोत गेलो. ही तिथली जुनी मुस्लिम वस्ती. हिरवी मस्जिद, रस्त्याकडेची शिलाई मशीन आणि कानावर स्वाहिली भाषा. हक्काला 'हाकी', तलाकला 'तलाका', वकिलाला 'वाकिली'! उर्दू शिकवणाऱ्या आम्हाला परकेपणा वाटेना.

आदल्या दिवशी गिसोझीचे स्मारक पाहिले होते. तिथे अडीच लाखांवर माणसे दफन आहेत. 1994 मध्ये शंभर दिवसांत सुमारे आठ लाख लोक मारले गेले, बहुतेक तुत्सी. मागे उरलेल्या विधवा शेतावर परतल्या, तर दीर-पुतणे म्हणत, जमीन आमची. रिवाज तसाच होता. मुलींनाही बापाच्या जमिनीत वाटा नव्हता. 1999 च्या कायद्याने मुलगा-मुलगी समान वारस झाले. पुढे देशभर जमिनीची मोजणी होऊन पती-पत्नी दोघांच्या नावाचे दाखले निघाले. 2008 मध्ये तिथल्या लोकसभेत स्त्रिया पुरुषांपेक्षा जास्त निवडून आल्या, जगात प्रथमच. कौतुक त्याचेच फार होते. आम्हाला मात्र तो जमिनीचा कागद मोठा वाटला.

पण कागदाला एक अट आहे. सरकार फक्त कचेरीत नोंदलेला विवाह मानते, तोही एकाच पत्नीशी. नुसता निकाह किंवा रिवाजाचे लग्न असेल, तर कायद्यापुढे ती पत्नीच नव्हे.

हे आम्हाला कळले एका शिंपिणीकडून. रंगीत कितेंगे कापड घ्यायला तिच्याकडे थांबलो होतो. लग्नाला अठरा वर्षे, चार मुले. घराचा दाखला एकट्या नवऱ्याच्या नावावर. नोंदणीचे काढले की तो म्हणतो, पुढच्या महिन्यात जाऊ. भाईजान तिचे बोलणे आम्हाला सांगत होते. सांगता सांगता त्यांचाच आवाज खाली आला.

मग तिने आम्हाला विचारले, "तुमचा निकाह सरकारात लिहिलाय?"

आम्ही एकमेकींकडे पाहिले. निकाहनामा आहे, घरी कपाटात ठेवलाय, असे सांगितले.

"तो माझ्याकडेही आहे," ती म्हणाली आणि कापडाची घडी घालू लागली.