खर्जाची तार

वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी माझ्या हाती डाखाची तार येईल, असे माझ्या पत्रिकेत कुणी लिहून ठेवले असेल असे वाटत नाही. मी मराठीचा प्राध्यापक. विजेशी माझा संबंध बटण दाबण्यापुरता, आणि फ्यूज गेला की शेजाऱ्यांना हाक मारण्यापुरता! पण यंदाच्या पावसाळ्यात मी आमच्या जेवणाच्या टेबलावर गिटारसाठी चक्क एक प्रीअँप तयार केला.

त्याचे असे झाले. आमची मुलगी गिटार वाजवते. विजेची नव्हे, साधी, पोकळ पोटाची लाकडी गिटार. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये तिने ती वाजवली आणि तिच्याखेरीज कुणालाही ती ऐकू आली नाही. माइक जवळ आणला की कर्णे शीळ घालीत, दूर नेला की नुसता शुकशुकाट. मागून 'आवाज! आवाज!' असा ओरडा झाला. घरी येऊन तिने गिटार पिशवीत घातली आणि पिशवी कपाटावर टाकली.

"पुढच्या वेळी जरा जोरात वाजव," मी म्हणालो. मागच्या बाकावरच्या मुलांना मी वर्षानुवर्षे हेच सांगत आलो आहे. तिने माझ्याकडे नुसते पाहिले. पुढे दोन महिने गिटार खाली आली नाही, आणि तिचे माझ्याशी बोलणेही 'हो', 'नाही', 'बघते' एवढ्यावर आले.

उपाय सांगितला तो आमच्या पदार्थविज्ञानाच्या सहकाऱ्यांनी. काही स्फटिकांवर दाब पडला की वीज निर्माण होते, हे पिएर आणि झाक या क्यूरी बंधूंनी १८८० साली दाखवून दिले. तोच गुण असलेली एक पितळी तबकडी बझरमध्ये असते. ती गिटारच्या पोटात, घोडीच्या बरोबर खाली चिकटवायची. लाकूड थरथरले की तबकडी वीज देते. मात्र ती अगदी क्षीण. म्हणून पुढे प्रीअँप हवा.

तपकीर गल्लीत जाऊन मी सामान आणले : तबकडी, टीएल०७१ नावाचा आठ पायांचा काळा किडा, नऊ व्होल्टची बॅटरी, आणि मूठभर रोधक व कपॅसिटर. सारे मिळून सिनेमाच्या एका तिकिटाहून स्वस्त! रोधकांवर आकडे नसतात, रंगांचे पट्टे असतात. काळा म्हणजे शून्य, तपकिरी एक, तांबडा दोन, नारिंगी तीन, हिरवा पाच. पहिले दोन पट्टे आकड्यांचे, तिसरा पुढच्या शून्यांचा. जन्मभर वर्ण शिकवले, पण ही वर्णमाला निराळीच होती.

तीन रात्री बोटे भाजून घेतली. चौथ्या दिवशी मुलीला बोलावले. तिने तारा छेडल्या मात्र, आणि पत्र्याच्या डब्यावर खडे पडावेत तसा आवाज आला. वरच्या तारा कुरकुरत होत्या. खर्जाची तार तर जणू नव्हतीच. आणि आवाज वाढला म्हणाल, तर मुळीच नाही.

"राहू द्या, बाबा," ती म्हणाली. ती रागावली असती तर बरे वाटले असते.

दुसऱ्या दिवशी सहकाऱ्यांनी माझी कारागिरी उलटीपालटी करून पाहिली आणि ते हसत सुटले. तपकिरी-काळा-हिरवा म्हणजे दहा लाख ओहम. तपकिरी-काळा-नारिंगी म्हणजे दहा हजार. मी दोघांची अदलाबदल केली होती! दहा लाखांचा रोधक हवा होता तो तोंडाशी, तबकडीची वीज शिरते तिथे. तिथला रोध थोडा असला की पुढचे यंत्र तबकडीकडून वीज ओढू लागते. कंपने जितकी संथ, तितके हे ओढणे तबकडीला झेपत नाही. म्हणून आधी मरतो तो खर्ज. माझ्या दहा हजारांपायी सेकंदाला सुमारे आठशे कंपनांच्या खालचे सगळे ओसरत होते. गिटारची खर्जाची तार कंपते ८२ वेळा! तेच दहा लाख केले, की ती मर्यादा आठाच्या आसपास उतरते.

"आणि आवाज मोठा किती होणार?" मी विचारले.

"तुमच्या या रोधकांनी तिपटीहून थोडा जास्त. अहो, मोठा काय, कुणीही करील," ते म्हणाले. "आधी न ओढता ऐकता आलं पाहिजे."

बसमध्ये मला त्यांचे वाक्य आठवत राहिले, आणि माझे ते 'जोरात वाजव'ही.

त्या रात्री दोन्ही रोधक काढून जागच्या जागी बसवले. मुलीला मी बोलावले नाही, सौ.ने बोलावले. तिने अंगठ्याने खर्जाची तार नुसती हलकेच सोडली, आणि टेबलावरची वाटी झणझणली. ती दचकली. मग तिने पुन्हा तीच तार छेडली. पुन्हा एकदा. त्यानंतर अर्धा तास ती वाजवत होती. जोरात नव्हे, नेहमी वाजवते तशीच.

निजानीज झाल्यावर मी बॅटरी काढत होतो. ती दारात येऊन उभी राहिली.

"बाबा, त्या दिवशी गॅदरिंगला ना..."

सोल्डरगन अजून गरम होती. ती बाजूला ठेवून मी खुर्ची ओढली आणि बसलो.